जास्तीची मूठ

आमच्या सासरी कानबाईच्या आदल्या दिवशी गहू मुठीनं मोजतात. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात घरोघरी कानबाई बसते. देवी म्हणजे एक नारळच. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, वस्त्र नेसवायचं आणि चौरंगावर बसवायचं. एकदा बसवला की मग त्याला नारळ म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. तिच्या नैवेद्याला रोट करतात, आणि त्या रोटांचे गहू घरातल्या माणसागणिक एक मूठ असे काढतात. काही घरांत फक्त पुरुषांच्या मुठी घेतात. आमच्याकडे बायकांच्याही घेतात, हे अक्का असं सांगतात की जणू मतदानाचा हक्कच त्यांनी आम्हाला मिळवून दिलाय.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची स्वतःची मुलंही त्यांना अक्काच म्हणतात. मी मूळची फैजपूरची. नवऱ्याची नोकरी धुळ्याला आणि माझी शाळाही तिथलीच, म्हणून आम्ही धुळ्यात राहतो. सासर तापी ओलांडल्यावर, शिरपूरच्या बाजूला. तिथे अक्का, सासरे म्हणजे नाना, आणि धाकटा दीर असतात. आम्ही दोघं धरून माणसं पाच.

मुठी घेताना बोलायचं नाही हा अक्कांचा कडक नियम. पहिल्या वर्षी मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मोजेल मानूसले नजर लागस." म्हणजे मोजलेल्या माणसाला नजर लागते. मी फैजपूरच्या कॉलेजात शिकलेली, मनात हसले आणि भांडी घासायला निघून गेले. दुसऱ्या वर्षीही भांडीच घासली. तिसऱ्या वर्षी मात्र मी त्यांच्या शेजारी बसले, कारण पोटात ढवळत होतं आणि बसून राहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

अक्कांनी नानांची मूठ परातीत टाकली. मग स्वतःची. मग माझ्या नवऱ्याची, दिराची, आणि शेवटी माझ्याकडे एकदा बघून माझी. मला वाटलं झालं. पण त्यांचा हात पुन्हा डब्यात गेला. ती मूठ त्यांनी सावकाश भरली, वर आलेले दाणे अंगठ्यानं सारखे केले आणि परातीत सोडली. मग लगेच सगळे गहू हातानं कालवून टाकले.

माझ्या अंगावर काटा आला. त्याच आठवड्यात धुळ्याच्या घरी मी चाचणी केली होती आणि पट्टीवर दोन रेघा उमटल्या होत्या. हे नवरा आणि माझी आई सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे विचारता येईना. अक्का उठल्या, परात घेऊन आत गेल्या, आणि मी रिकाम्या जमिनीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली. गाणी झाली, बायका जमल्या, खीर झाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी झाली. मी जिथे बसेन तिथे त्या चांदीच्या डोळ्यांची नजर माझ्या पोटावर आहे असं मला वाटत राहिलं. मी जागा बदलली, खांबाआड गेले, तरी तेच. नवऱ्याला हळूच सांगितलं की अक्कांना कळलंय, आणि बहुतेक देवीलाही. तो म्हणाला, "देवीला कळलं तर चालेल, आमच्या मावशीला कळलं नाही म्हणजे मिळवली. ती गावभर करेल."

त्याचंही खरं होतं. आमच्याकडे पहिले तीन महिने कुणाला सांगत नाहीत. माझ्या आईनंही फैजपूरहून फोनवर हेच बजावलं होतं, की तीन महिने तोंडाला कुलूप लाव, दृष्ट लागते. आईशी मी साडीच्या रंगापासून देवधर्मापर्यंत सगळ्यावर वाद घालते. यावर घातला नाही. आनंदाची गोष्ट लपवून ठेवण्यात एक गंमत असते, आणि थोडी भीतीही होतीच. धुळ्यात बायकांच्या दवाखान्यात जाऊन बसलं की समोरच्या बाकावर कुणाची तरी नणंद निघतेच, म्हणून दवाखान्यातही गेले नाही. आधी जाऊन करायचंय काय, असंही वाटायचं. इवलासा तर जीव.

तीन महिने उलटल्यावर गेलो. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या, कॅल्शियमच्या, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि इतके दिवस कुठे होतात म्हणून विचारलं. मी हसले. पेढे वाटले, फोन केले. अक्कांना सांगितलं तेव्हा त्या दचकल्यासारख्या झाल्या. मला ते विचित्र वाटलं. सहावी मूठ घेणाऱ्या बाईनं दचकायचं काय कारण?

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. ते डॉक्टर गप्पिष्ट होते. मी फैजपूरची म्हटल्यावर केळीचा विषय निघाला. यंदा केळीला भाव... म्हणता म्हणता ते मध्येच थांबले आणि ते वाक्य त्यांनी कधीच पुरं केलं नाही. पोटावर ते यंत्र एकाच जागी फिरत राहिलं. मग त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. बाळाच्या हृदयाचे ठोके खोलीभर ऐकू येत होते, घोडा दौडावा तसे, अगदी नीट. त्या ठोक्यांमुळे मला वाटलं की सगळं ठीक आहे.

कवटीचा वरचा भाग झालेलाच नव्हता. मेंदू वाढायला हवा तसा वाढला नव्हता. असं बाळ जगत नाही, हे त्यांनी नवऱ्याला आत बोलावून सांगितलं आणि मी ते बाहेरून ऐकलं.

यंत्र चुकलं असेल म्हणून आम्ही जळगावला गेलो. अक्का हट्टानं बरोबर आल्या. गाडीत त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या. जळगावच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी पुन्हा तपासलं आणि तेच सांगितलं. मग त्यांनी आमच्या दोघांकडे बघून विचारलं, घरात आधी कुणाला असं बाळ झालं होतं का, तुमच्या आईकडे, यांच्या आईकडे? मी नाही म्हटलं. माझ्या पाठीमागून अक्का म्हणाल्या, "नही. आमना घरमा असं कोनले नही." इतक्या चटकन म्हणाल्या की डॉक्टरीणबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

पुढचं धुळ्याच्या दवाखान्यात झालं. मला काही दाखवलं नाही. मुलगा की मुलगी हेही सांगितलं नाही, आणि विचारायची ताकद माझ्यात नव्हती. नवरा आणि नाना पांढऱ्या कापडात काहीतरी घेऊन गाडीनं गावाकडे गेले, एवढंच मला खिडकीतून दिसलं. गावाकडे कुठे, ते मी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

मग बायका भेटायला यायला लागल्या. ग्रहणात काही चिरलं होतं का, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, त्या महिन्यांत ग्रहण दिसलंच नव्हतं. मग अमावस्येला कुठे बाहेर पडली होतीस का? शेवटी मी म्हणाले की हो, रोज पडत होते, शाळेत जायला, पगार घ्यायला. ती बाई चहा अर्धा टाकून गेली. माझ्यासाठी धुळ्याला येऊन राहिलेल्या अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एरवी पाहुण्याशी असं बोलल्यावर मला चार शब्द ऐकवल्याशिवाय त्या राहिल्या नसत्या. त्या दिवशी त्यांनी नुसती कपबशी उचलली.

काही दिवसांनी मी एकटीच जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला समजून घ्यायचं होतं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अगदी सुरुवातीला बाळाच्या पाठीवर एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळतात, करंजीची कड मिटावी तशा. त्यातून एक नळी होते, आणि त्या नळीचाच पुढे मेंदू होतो, मणक्यातली मज्जा होते. वरचं टोक मिटलं नाही तर डोकं उघडं राहतं, खालचं मिटलं नाही तर पाठ. त्या काळात पेशी भराभर वाढत असतात, आणि त्या वाढीला फोलेट लागतं. ते पालेभाज्यांत असतं, डाळींत असतं, पण बरंचसं शिजवण्यात जातं, आणि पुष्कळ बायकांच्या अंगात ते मुळातच कमी असतं. म्हणून गोळी. गोळी घेतली असती तर नक्कीच टळलं असतं असं त्या म्हणाल्या नाहीत. धोका बराच कमी झाला असता, एवढंच म्हणाल्या. काही घराण्यांत रक्तातूनही थोडं येतं, हेही सांगितलं.

ही नळी मिटते केव्हा, मी विचारलं.

"पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांत. बहुतेक बायकांना तेव्हा नीट माहीतही नसतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिसऱ्या महिन्यानंतर गोळ्या सुरू केल्यात ना, तोवर ते काम होऊन गेलेलं असतं. पुढच्या वेळी गोळी आधीपासून घ्यायची. दिवस राहायच्या आधीपासून, आणि जास्त ताकदीची."

जळगावहून धुळ्याला परतताना बसमध्ये मी मागे मागे मोजत गेले आणि पारोळ्याच्या अलीकडे हिशेब लागला. ते दिवस कानबाईचे होते. मी त्या परातीशेजारी बसले होते, अक्का सहावी मूठ भरत होत्या, आणि नेमकी तेव्हाच माझ्या पोटात ती कड मिटायची राहत होती. मला काही दुखलं नव्हतं. काही आवाज झाला नव्हता. मी खीर खाल्ली होती, गाण्याला टाळ्या वाजवल्या होत्या. मला देवीचा भयंकर राग आला. जिला पोटातलं माणूस मोजता येतं तिला एवढी कड मिटवता येऊ नये? आणि मग वाटलं, की तिनं मोजलं म्हणूनच तर झालं नसेल? मोजेल मानूसले नजर लागस. मी, कॉलेजात शिकलेली, बसच्या गजाला धरून हाच विचार करत होते.

गोळी सुरू केली. छोटीशी, पिवळी. रोज सकाळी पाणी घेऊन उभी राहायचे आणि वाटायचं, ही मी कुणासाठी घेतेय? कुणीच तर नाही. जो नाही त्याच्यासाठी रोज काहीतरी गिळायचं, हे मला कुणाच्या तरी श्राद्धाइतकं जड जायचं. पुन्हा मूल होऊ द्यायचं की नाही, हेच माझं ठरत नव्हतं. नवरा म्हणायचा, तू म्हणशील तसं. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं.

शाळेत आठवड्यातून एकदा मुलींना लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या निळ्या गोळ्या वाटतात. मुली त्या नळापाशी जाऊन टाकून देतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. त्या वर्षी मी प्रत्येकीसमोर उभी राहून गोळी गिळेपर्यंत हलले नाही. मुलींनी मला काहीतरी नाव ठेवलं असणार. ठेवू देत.

पुन्हा श्रावण आला. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण गेले. शनिवारी अक्का डबा आणि परात घेऊन बसल्या आणि मी त्यांच्यासमोर बसले. या वेळी माझ्या पोटात कुणी नव्हतं, याची मला खात्री होती. पाच मुठी झाल्या. हात पुन्हा आत गेला. सहावी. हात पुन्हा आत गेला. सातवी.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. आमच्या पाच माणसांच्या घरात सात जण आहेत, आणि ते वर्षागणिक वाढताहेत, असं काहीतरी माझ्या मनात आलं, आणि त्या दिवसभर मला त्या घरात एकटीनं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाववेना. न्हाणीतही मी दार उघडं ठेवून तोंड धुतलं.

रोटाचा तुकडा घराबाहेर जाऊ देत नाहीत. घरच्यांनीच पुनवेच्या आत तो संपवायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. सोमवारी कानबाईची बोळवण झाली, आणि दिवस कलताना मी पाहिलं की अक्का पदराखाली काहीतरी धरून मागच्या दारानं निघाल्या आहेत. पदरातून रोटाची कड दिसत होती. नियम करणारी बाई नियम मोडून चालली होती. मी मागे गेले.

त्या केळीच्या वावरात शिरल्या. मी केळीत वाढलेय. तरीही सांगते, उन्हं कलल्यावर केळीच्या बागेत एकटं जाऊ नये. बाहेर उजेड असतो आणि आत पावलापुढचं दिसत नाही. फाटलेली पानं एकमेकांवर घासतात आणि कुणीतरी शेजारच्या ओळीतून आपल्याबरोबर चालतंय असं वाटत राहतं. आपण थांबलो की ते थांबत नाही. मी अक्कांच्या पाठीवर नजर ठेवून चालत राहिले. बांधाजवळच्या निंबाखाली त्या वाकल्या, आणि बोलायला लागल्या. मऊ आवाजात. तिथे कुणी नव्हतं.

"खाई ले वं माय. आनि तुना भाचाले बी दे."

निंबाखाली दोन दगड होते. एक जुना, अर्धा मातीत गेलेला. दुसरा नवा. नव्या दगडाकडे बघितल्याबरोबर मला कळलं की पांढरं कापड कुठे आलं होतं.

मी काही बोलले असेन, किंवा नुसतीच रडले असेन. अक्का मागे वळल्या. त्या दचकल्या नाहीत. मी येईन हे त्यांना माहीत असावं.

"तुना पोऱ्या व्हता," नव्या दगडावर हात ठेवून त्या म्हणाल्या. मग जुन्यावर. "हाई मनी पयली पोर. तिनं डोकं वरथीन उघडं व्हतं. माले दखू बी नही दिधं."

त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं की तू ग्रहणात भाजी चिरलीस. त्यांनी चिरली नव्हती, पण इतक्यांदा ऐकलं की पुढे त्यांना विळीवरचे स्वतःचे हात आठवायला लागले. कुणाला सांगायचं नाही असंही बजावलं होतं, नाहीतर पुढच्या पोरांना नजर लागेल. आता नानांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, पोरांनाही नाही. तेव्हापासून दरवर्षी त्या एक मूठ जास्त घेत होत्या. न बोलता, म्हणजे कुणी विचारणार नाही. ती सहावी मूठ माझ्या बाळाची कधीच नव्हती.

मी संतापले. आजही आठवलं की संताप येतो. मी म्हणाले, अक्का, जळगावला त्या बाईंनी तोंडावर विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. माझ्या लग्नानंतर एकदा जरी मला सांगितलं असतंत तरी मी आधी दवाखान्यात गेले असते, ती गोळी आधी मिळाली असती. माझा आवाज केळीत घुमला आणि माझाच मला परका वाटला. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसल्या आणि रोटाचे तुकडे दोन्ही दगडांपाशी नीट ठेवत विचारलं,

"ती गोयी तव्हा व्हती का वं? मना टाइमले?"

मला माहीत नव्हतं. असलीच तर त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली नव्हती. मी त्यांच्याजवळ मातीत बसले. अंधार पडायच्या आत आम्ही दोघी घरी आलो, आणि येताना मला शेजारच्या ओळीतल्या सळसळीची भीती वाटली नाही. ती सळसळ होती मात्र.

रात्रीच्या जेवणाला अक्कांनी आपल्या मुलांना आणि नानांना समोर बसवून सगळं सांगितलं. नाना ताटावरून उठून गेले आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसत परत येऊन बसले. माझा नवरा म्हणाला, "म्हणजे मी पहिला नाही." एवढंच. मी धुळ्याला परत निघाले तेव्हा अक्कांनी विचारलं की ती गोयी रोज खातेस ना. मी म्हटलं, खाते, पण कुणासाठी तेच कळत नाही.

उत्तर पुढच्या कानबाईला मिळालं. पाच मुठी झाल्या. मग अक्कांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मुठी घेताना तोंड उघडलं. "हाई मनी पोरनी," सहावी. "हाई तुना पोऱ्यानी," सातवी. मग हात पुन्हा डब्यात घातला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आनि हाई जो अजून उना नही, त्यानी." मला दिवस राहिले नव्हते. आठवी मूठ परातीत पडली, आणि पदराच्या गाठीतून त्यांनी माझीच गोळी काढून माझ्यासमोर धरली. सकाळी मी ती न घेता खिडकीत ठेवून दिली होती. "आधी खाई ले."

मी खाल्ली. त्या दिवसापासून कुणासाठी, हा प्रश्न मला पडला नाही.

दिवस राहिले तेव्हा त्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं. मावशीला सुद्धा. जळगावला तिसऱ्या महिन्यातच सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई तपासत होत्या तेवढा वेळ अक्कांची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मग बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. डोकं गोल होतं. चंद्रासारखं नाही, काही नाही, नुसतं गोल, पूर्ण, मिटलेलं. पुढे पाठही नीट निघाली.

माझी मुलगी आता शाळेत जाते आणि तिला जे दिसेल ते मोजायची खोड आहे. गेल्या श्रावणात ती परातीपाशी बोटं धरून बसली. अक्का आता मुठी बोलूनच घेतात, पण त्या दिवशी तिची गंमत करायला मुद्दाम गप्प राहिल्या. आजोबा, अक्का, बाबा, काका, आई, मी, तिनं बोटं मिटली. अक्कांचा हात आणखी दोनदा डब्यात गेला. मुलगी ओरडली, "अक्का, तू चुकली! दोन जास्त झाल्या!"

"जास्ती नही," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा घरनाच शेत." म्हणजे सगळे घरचेच आहेत.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. कोण, असं विचारायला तिचं तोंड उघडलंच होतं. मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि दिवसाउजेडी केळीच्या वावराकडे चालायला लागले.